सेलू येथील घरगुती संगणकाची डिस्क इमेजवरून पुनर्स्थापना : एक प्रकरण अभ्यास

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. गुरुजी त्यावर शाळेच्या जुन्या स्मरणिका आणि स्वतःचे लेखन जपतात. त्यांची सून घरातूनच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, शिकवणीवर्गांच्या प्रश्नपत्रिका, पावतीपुस्तके असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. मे २०२५ मध्ये, ऐन लग्नसराईत, या संगणकाची ५०० जीबीची हार्ड डिस्क निकामी होऊ लागली. २०२४ च्या दिवाळीत घेतलेली एक डिस्क इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, घरात होती, म्हणून हे काम बंद पडले नाही. ती इमेज घेताना आणि पुढे ती नव्या डिस्कवर उतरवताना मी तेथे होतो. घरगुती संगणकाच्या बॅकअपबद्दल आपल्याकडे जे समज आहेत, त्यांपैकी बरेचसे या एका प्रकरणात तपासले गेले, म्हणून ते तपशिलाने नोंदवत आहे.

इमेज कशासाठी घेतली

बॅकअप म्हटले की बहुतेक जण फाइली पेन ड्राइव्हवर घेतात आणि तेवढे पुरेसे मानतात. फोटो किंवा पीडीएफ यांच्यापुरते ते बरोबरही आहे, परंतु मराठी डीटीपीच्या कामाला ते पुरत नाही. श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमधील युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व यंत्रांवर चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धत रूढ होण्याआधीचे, फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून तयार केलेले असतात. फाइलीत प्रत्यक्षात साठते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची ओळ. तो विशिष्ट फाँट यंत्रावर असेल तरच ती ओळ मराठीत दिसते. सूनबाईंनी दिवाळीत माझ्यासमोर एका पत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हवरून भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली होती. ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ या ओळीच्या जागी कंस, टक्केचिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची एक निरर्थक रांग उमटली होती. फाइल शाबूत होती, पण तिचा उपयोग शून्य होता.

म्हणजे या घरात जपायची वस्तू दुहेरी होती. एक, फाइली, दुसरी, त्या फाइली ज्यांच्यामुळे वाचता येतात ती संपूर्ण मांडणी : फाँट, पानांची मांडणी करणारे जुने सॉफ्टवेअर, हार्डवेअर लॉकचा (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी संगणकाला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, की-बोर्डची सवयीची रचना, प्रिंटरची कागदाच्या मापानुसार केलेली जुळणी. ही दुसरी वस्तू फाइलींसारखी उचलून ठेवता येत नाही. काही सॉफ्टवेअरच्या सीडी हरवलेल्या होत्या आणि सीडी वाचणारा ड्राइव्हही राहिलेला नव्हता. डिस्क इमेज ही नेमकी या दुसऱ्या वस्तूसाठी असते. तीत विंडोज, बूट होण्यासाठी लागणारे लहान विभाग, सगळी सॉफ्टवेअर आणि त्यांच्या सेटिंग यांच्यासह संपूर्ण डिस्क त्या दिवशी जशी होती तशी टिपली जाते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गावोगावच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी ‘घोस्ट’ हा शब्द अनेक वर्षे होता. सिमँटेकने १९९८ मध्ये विकत घेतलेल्या आणि पुढे नॉर्टन घोस्ट या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रोग्रॅमवरून तो आला. मात्र घोस्ट दुकानात वापरले जाई. घरच्या माणसाने स्वतः इमेज घेऊन कपाटात ठेवावी, ही सवय लागली नाही. विंडोज १० मध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ या नावाने सिस्टिम इमेज घेण्याची सोय आहे, परंतु मायक्रोसॉफ्टने २०१७ पासूनच तिचा विकास थांबवलेला आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेकांच्या पसंतीची होती. तिचा आधार १ जानेवारी २०२४ रोजी संपला. म्हणून दिवाळीत आम्ही क्लोनझिला निवडले. तैवानमधील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात विकसित झालेला हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालतो, त्यामुळे इमेज घेताना विंडोज बंद असते आणि कोणतीही फाइल अर्धवट उघडी राहत नाही.

दिवाळीतील काम

त्या वेळी डिस्कवर सुमारे १४० जीबी मजकूर होता. क्लोनझिला रिकामी जागा सोडून फक्त वापरातील भाग उचलते आणि तो दाबून साठवते, त्यामुळे १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर इमेजने साधारण ९० जीबी जागा घेतली. डिस्क आधी कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी २.० पोर्टला जोडलेली होती. त्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ एमबीच जातात, उलट मागच्या बाजूच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टवरून फिरत्या डिस्कचाही वेग १०० एमबीच्या आसपास जातो. जिथे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि यूपीएसची बॅटरी काही मिनिटांत संपते, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणून डिस्क मागे जोडली आणि संगणकाला घरच्या इन्व्हर्टरवर घेतले.

इमेज घेण्यापूर्वी एक अडचण आली आणि ती विंडोज १० किंवा ११ असलेल्या जवळपास प्रत्येक घरात येईल. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे प्रणालीचा काही भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि सी ड्राइव्ह अर्धवट वापरात असल्याची खूण तशीच राहते. अशा स्थितीतील डिस्कची इमेज घ्यायला क्लोनझिला नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे. फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करून, नंतर पूर्ण शट डाउन करून पुढे गेलो. इमेज घेऊन झाल्यावर ती परत उतरवता येण्याजोगी आहे का हे तपासायचे का, असे क्लोनझिला काम सुरू करण्यापूर्वीच विचारते. वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ जण येथे ‘नाही’ म्हणतात. आम्ही तपासणी होऊ दिली.

इमेजच्या फोल्डरला तारखेचे नाव दिले आणि पुढची इमेज नेहमी नव्या फोल्डरमध्येच घ्यायची, हे ठरवून ठेवले. जुन्या इमेजवर नवी लिहिताना मध्येच वीज गेली तर जुनीही जाते आणि नवीही हाती लागत नाही. यानंतर बाहेरची डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवली. सतत जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेचा झटका किंवा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस मूळ डिस्कसोबत तिच्यापर्यंतही पोचतो.

मे महिन्यातील बिघाड

मेच्या पहिल्या पंधरवड्यात संगणक मंद झाला. फाइल उघडताना तो काही सेकंद थिजल्यासारखा होई आणि कान लावला तर डिस्कमधून टकटक ऐकू येई. सूनबाईंनी आधी उन्हाला दोष दिला, आणि त्यात काही वावगे नव्हते. पत्र्याच्या खोलीत दुपारी यंत्रेही तापतात. गावातील एका तंत्रज्ञाने पाहून सांगितले, “फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून देतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही, तुमचा डेटा जसाच्या तसा राहील.” गुरुजींनी ते करू न देता मला फोन केला.

तंत्रज्ञाचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता, पण या प्रसंगी तो घातक ठरला असता. सी आणि डी ही दोन नावे दिसत असली तरी ती एकाच डिस्कवर आखलेली दोन आवारे असतात. वाड्याचा पायाच खचला असेल तर ओसरी सोडून माजघर सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवल्यावर डिस्कच्या स्थितीपुढे पिवळी ‘कॉशन’ ही खूण दिसली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातील सी५ क्रमांकाची, म्हणजे वाचताना अडलेल्या आणि निर्णयाविना पडून असलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील लहान कप्प्यांची) संख्या शून्याच्या बरीच वर गेलेली होती. सूनबाईंनी स्क्रीनच्या फोटोवर तारीख लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी हाच आकडा आणखी वाढलेला दिसला. आकडा स्थिर असता तर थोडी उसंत मिळाली असती, पण तो वाढत होता.

अशा डिस्कवर विंडोज नव्याने टाकणे म्हणजे मरणोन्मुख पृष्ठभागावर अनेक जीबी लिहिणे. चेकडिस्क या विंडोजमधील डिस्क तपासणाऱ्या साधनाची खोल दुरुस्तीही तितकीच घातक असते; ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावते आणि खराब भाग गाळताना फाइलींचे तुकडे करते. म्हणून संगणक लगेच बंद करायला सांगितले.

आधी काय, नंतर काय

दिवाळीची इमेज हाताशी होती, तरी ती लगेच उतरवायला घेतली नाही. इमेजमध्ये दिवाळीपर्यंतचेच जग होते. त्यानंतरच्या कामांच्या प्रती सूनबाई पेन ड्राइव्हवर घेत असत, पण लग्नसराई सुरू झाल्यावर त्यात खंड पडलेला होता; नेमकी चालू हंगामाची कामे फक्त त्या आजारी डिस्कवर होती. डिस्क फिरते आहे तोवर ती काढून घेणे पहिले.

यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरले. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घासते आणि डिस्कचे उरलेले आयुष्य तिथेच संपवते. डीडीरेस्क्यू याच्या उलट वागते : जे सहज वाचता येते ते आधी उचलते, अडलेल्या जागा एका नोंदफाइलीत टिपून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे वळते. नोंदफाइल असल्यामुळे मध्ये लाइट गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते; भारनियमनाच्या गावात हा गुण मोलाचा आहे. ही प्रत सबंध ५०० जीबीची असल्याने तेवढी मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क शेजाऱ्यांकडून मागून आणली. दिवाळीच्या इमेजची डिस्क मात्र या कामाला लावली नाही. एकुलती एक चांगली प्रत ज्या डिस्कवर आहे, तिच्यावर गोंधळाच्या दिवशी दुसरे काही लिहू नये.

रात्रभर चाललेल्या कामानंतर काही मेगाबाइटचा भाग वाचता आला नाही, बाकी सगळे आले. त्या प्रतीतून दिवाळीनंतरची कामे वेगळी काढली. एका पत्रिकेची आणि एका स्मरणिकेच्या काही पानांची फाइल उघडली नाही. पत्रिकेचे प्रूफ ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पीडीएफच्या रूपात पाठवलेले होते. त्या पीडीएफमध्ये अक्षरे दिसायला मराठी असली, तरी मजकूर कॉपी केला की पुन्हा तीच रोमन रांग हाती येते, म्हणून पत्रिका पाहून नव्याने टाइप करावी लागली. स्मरणिकेची पाने मात्र गेली ती गेलीच.

नवी डिस्क आणि एक आकडा

आता इमेज उतरवायची होती. दुकानातून ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, आणली होती. वापरातील मजकूर १४० जीबी, म्हणजे तिप्पट जागा; अडचण येण्याचे कारण घरातील कोणालाच दिसत नव्हते. क्लोनझिलाने मात्र लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असल्याचे सांगून काम थांबवले.

मजकूर किती आहे यावर हे ठरत नाही, मूळ डिस्कवर विभागांची आखणी कुठपर्यंत गेलेली आहे यावर ठरते. ५०० जीबीच्या डिस्कवर ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात आणि विंडोजचा शेवटचा, दुरुस्तीसाठी राखलेला लहान विभाग अगदी टोकाला बसलेला असतो. ४८० जीबीच्या एसएसडीवर ४८०,१०३,९८१,०५६ बाइट मिळतात. सुमारे २० अब्ज बाइटची ही तूट इमेजमधून वजा करता येत नाही. मूळ डिस्क चांगली असतानाच तिचे विभाग आक्रसून घेतले असते तर ती भरून निघाली असती, पण आता त्या डिस्कवर काहीही हलवण्याची सोय नव्हती. तपासणी वगळण्याचा एक पर्याय क्लोनझिलात आहे, मात्र त्याने केवळ सूचना थांबते, जागा वाढत नाही. विंडोजमध्ये हीच ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी दिसते आणि खोक्यावर ४८० लिहिलेले असते, त्यामुळे ४८० मोठी आहे असाही समज होतो; वास्तविक तीही विंडोजमध्ये ४४७ च दिसेल.

दुकानदाराने एसएसडी बदलून ५१२ जीबीची दिली. तिच्यावर ५१२,११०,१९०,५९२ बाइट असतात आणि इमेज त्यात सहज बसते. दिवाळीतील तपासणीने इमेज वाचता येते एवढे सिद्ध केले होते. ती कोणत्या डिस्कवर बसेल, हे प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्यांच्या घरी एखादी जुनी सुटी डिस्क पडून असेल, त्यांनी बिघाडाची वाट न पाहता एकदा तिच्यावर इमेज उतरवून संगणक सुरू करून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

उतरवण्यापूर्वी जुनी डिस्क केबलसह काढून बाजूला ठेवली, त्याची दोन कारणे होती. एक, इमेज कुठून कुठे जाणार हे निवडताना चूक झाली तर चांगली डिस्क पुसली जाते. क्लोनझिला दोनदा विचारते खरे, पण थकलेला माणूस दोन्ही वेळा ‘हो’ म्हणतो. समोर एकच रिकामी डिस्क आणि एकच इमेजची डिस्क असली की निवड करताना चूक होत नाही. दोन, इमेजमधून विभागांच्या ओळखखुणाही जशाच्या तशा उतरतात, आणि सारख्या खुणांच्या दोन डिस्क एकत्र दिसल्या की विंडोज त्यांपैकी एक बंद ठेवते किंवा बूट होताना गोंधळते.

रिस्टोर निर्वेधपणे पार पडले. विंडोज सुरू झाली, तिचा परवानाही टिकला, कारण विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नव्हे. जी सॉफ्टवेअर डिस्कच्या अनुक्रमांकावरून परवाना ओळखतात, ती अशा वेळी अडू शकतात. येथे डीटीपीचे सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालणारे असल्याने अडले नाही. सूनबाईंनी पहिली उघडली ती दिवाळीतलीच पत्रिका, आणि ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ ही ओळ जागच्या जागी आली. “मामा, अक्षरं आली,” एवढेच त्या गुरुजींना म्हणाल्या. मग वाचवलेली नवी कामे परत ठेवली आणि दिवाळीपासून साचलेले विंडोजचे अपडेट घेतले. डिस्कच्या शेवटी ११ जीबीच्या आसपास जागा मोकळी राहिली. ती तशीच सोडली. एसएसडीला मोकळी जागा राहिल्याने तोटा होत नाही.

पुढची व्यवस्था

आता या घरात दोन वेगवेगळ्या गतींनी बॅकअप होतो. चालू कामांचे फोल्डर रोज रात्री फ्रीफाइलसिंक या फोल्डर जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने एका लहान डिस्कवर जाते आणि आठवड्यातून एकदा पत्रिकांच्या फाइली गुगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत चढतात. फोटो तेथे ठेवत नाहीत, नाहीतर ती जागा लगेच भरते. इमेज मात्र वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि लग्नसराईपूर्वी, तसेच नवे सॉफ्टवेअर टाकण्याच्या आधी घेतली जाते. फाइली रोज बदलतात, मांडणी क्वचित बदलते. दोन्हींना एकच वेळापत्रक लावले की एक तर फाइली जुन्या राहतात, नाही तर माणूस कंटाळून दोन्ही सोडून देतो. चालू कामाच्या फोल्डरमध्ये फाँटच्या फाइलींचीही एक प्रत ठेवलेली आहे.

इमेजची दुसरी प्रत नांदेडला लेकीकडे असते. सेलू आणि नांदेड एकाच रेल्वेमार्गावर असल्याने माहेरी येता-जाता डिस्कची अदलाबदल होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अनेक गावांतील घरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती या हिशेबात एकच धराव्या लागतात, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. दोन्ही डिस्कवर गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे : इमेजची तारीख, मूळ डिस्क ५०० जीबी, नवी डिस्क ५१२ किंवा अधिक, बूट यूईएफआय (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत).

ज्यांच्याकडे अलीकडचा लॅपटॉप आहे, त्यांनी त्या कागदाच्या जोडीला आणखी एक गोष्ट जपली पाहिजे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते, आणि रिस्टोरनंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मालकाला ते खातेच आठवत नसेल तर इमेज असूनही दार उघडत नाही. काही यंत्रांत डिस्क इंटेलच्या व्हीएमडी व्यवस्थेमागे असते आणि क्लोनझिलाला ती दिसतच नाही. असे असल्यास बिघाडाच्या दिवशी कळण्यापेक्षा इमेज घेताना कळलेले बरे.

सेलूच्या संगणकाचा एक प्रश्न इमेजने सुटण्यासारखा नव्हता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि या यंत्राचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. नवा संगणक घेतला तर जुने डीटीपी सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे आधी पाहावे लागेल. तूर्त असे ठरले आहे की त्या तारखेपर्यंतचे सर्व अपडेट घेतल्यानंतरची एक इमेज कायम जपायची, डीटीपीच्या संगणकाचे इंटरनेट काढून टाकायचे आणि ग्राहकांना प्रूफ पाठवणे, फाइली गुगल ड्राइव्हवर चढवणे ही कामे भाच्याच्या लॅपटॉपवरून करायची. दोन यंत्रांमध्ये फाइली नेण्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह राखला आहे. तो लॅपटॉपवर तपासल्याशिवाय या संगणकाला लावायचा नाही, असे सूनबाईंनी घरातल्या सर्वांना बजावलेले आहे.